बी-२७५ ला मडगार्ड निवडताना: आधी टायर, मग पत्रा

पडून राहिलेला जुना ट्रॅक्टर पुन्हा उभा करायला घेतला की पैसा आणि डोकं दोन्ही इंजिन, डिझेल पंप, क्लच आणि हायड्रॉलिक यांतच खर्ची पडतं. मडगार्डाचा विचार शेवटी होतो, तोही 'बाजारात जाऊ तेव्हा एक जोडी घेऊन येऊ' एवढाच. जोडी येते आणि मग कळतं की भोकं जुळत नाहीत, टायर आतल्या बाजूला घासतोय, हायड्रॉलिकची दांडी पूर्ण खाली जात नाही. मग ग्राइंडर निघतो, भोकं लांबट केली जातात आणि नवा कोरा पत्रा पहिल्याच नांगरणीत बोल्टापाशी तडकतो. हे टाळायचं तर क्रम उलटा धरा: आधी टायर, मग एक्सलवरची बैठक, मग आकार, मग पत्रा. रंग सगळ्यात शेवटी.

उदाहरणाला इंटरनॅशनल बी-२७५ घेतो. मूळचा हा ट्रॅक्टर इंग्लंडातला, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रॅडफर्डच्या कारखान्यातला. १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि बी-२७५ मुंबईत बनू लागला. १९७७ साली ही कंपनी महिंद्रमध्येच विलीन झाली. ट्रॅक्टर बदलत गेला, पण २७५ हा आकडा टिकला. नवख्याची पहिली फसगत होते ती याच आकड्यामुळे.

ट्रॅक्टर नेमका कोणता?

दुकानात जाऊन नुसतं '२७५ चं मडगार्ड द्या' म्हणालात, तर पुढ्यात येईल ते अलीकडच्या महिंद्र २७५ डीआयचं. त्यात दुकानदाराची चूक नाही; त्याच्याकडे रोजचं गिऱ्हाईक त्याचंच. दोन्ही ट्रॅक्टर एकाच घराण्यातले, पण जुन्याचं मडगार्ड चाकाच्या गोलाईने वळत जातं, तर नव्याचं वरून सपाट आणि रुंद. सपाट मडगार्ड जुन्या ट्रॅक्टरवर ठोकून बसवता येतं, बसवलेलं दिसतंही ठिकठिकाणी. पण मग ट्रॅक्टर ना जुना दिसतो ना नवा.

म्हणून दुकानात जाताना सोबत चार फोटो ठेवा: कंपनीच्या पट्टीचा, मागून पूर्ण ट्रॅक्टरचा, एक्सलवर मडगार्ड जिथे बसतं त्या जागेचा आणि सीटच्या बाजूने आतल्या अंगाचा. बी-२७५ ऐवजी मॅसी फर्ग्युसनचा ट्रॅक्टर असेल तर सालही बघा. १९५६ साली कोव्हेंट्रीत आलेल्या फर्ग्युसन ३५ चा पत्रा राखाडी आणि इंजिन-गिअरबॉक्स सोनेरी छटेचं होतं. वर्षभरातच तो मॅसी फर्ग्युसन ३५ झाला आणि पत्रा लाल, खालचं धड राखाडी असा उलटफेर झाला. चुकीच्या सालाचा रंग दिला की जाणकाराच्या डोळ्यांना ते लांबूनच खुपतं.

आणखी एक. आत्ता ट्रॅक्टरवर असलेलं मडगार्ड मूळचंच आहे, असं गृहीत धरू नका. पन्नास वर्षांत ट्रॅक्टर तीन-चार दावणींना फिरलेला असतो. डावं आणि उजवं शेजारी ठेवून बघा. काठाचं वळण वेगळं, भोकांचं अंतर वेगळं, किंवा एका बाजूची भोकं गॅसने कापलेली ओबडधोबड असली, तर एक तरी बाहेरचं आहे. कारखान्यातलं भोक गोल आणि स्वच्छ असतं. त्या भोकांवरून मूळची जागा सापडते.

आधी टायर ठरवा

मोटारीला स्प्रिंगा असतात, चाक वरखाली होतं. ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलला स्प्रिंग नसते. मडगार्ड एक्सलच्याच घरावर, ज्याला मिस्त्री ट्रम्पेट म्हणतात, त्यावर बसतं. त्यामुळे टायर आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर खड्ड्यात गेलं तरी जवळपास तेवढंच राहतं. मग मोकळी जागा हवीच कशाला? चिखलासाठी. काळ्या जमिनीत पाऊस पडून गेल्यावर एकदा ट्रॅक्टर घालून बघा. टायरच्या नक्षीत चिखल भरतो, वर चढतो, मडगार्डाच्या पोटाला चिकटून वाळतो आणि त्यावर पुढचा थर बसतो. जागा कमी असली की हा गोळाच टायरला घासू लागतो, आणि पत्रा आतून ताणला जाऊन बोल्टापाशी चिरतो. मुरमाड किंवा हलक्या जमिनीतल्या माणसाला हा त्रास कमी. काळ्या रानातल्याने मात्र वरून किमान दोन-अडीच इंच आणि आतल्या अंगाला दीड-दोन इंच जागा सोडलीच पाहिजे.

आता टायरचे आकडे. जुन्या पुस्तकात ११-२८ लिहिलेलं असतं, दुकानात मिळतो तो १२.४-२८. घाबरू नका, तो तोच टायर आहे, आकडा मांडायची पद्धत बदलली. तसंच जुना १२-२८ म्हणजे आजचा १३.६-२८ आणि जुना १३-२८ म्हणजे आजचा १४.९-२८. पहिला आकडा टायरची रुंदी इंचात, दुसरा रिमचा व्यास. गोंधळ होतो तो आधीच्या मालकाने 'जरा मोठा घालू, पकड चांगली बसेल' म्हणून एक पायरी वरचा टायर चढवलेला असतो तेव्हा. नवा १२.४-२८ उंचीला साधारण १२६ सेंटीमीटर भरतो, १३.६-२८ साधारण १३१, आणि १४.९-२८ साधारण १३६-१३७. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून स्वतःचा टायर मोजाच. पण अंदाज येतो: प्रत्येक पायरीला मडगार्डाखालची जागा अडीच सेंटीमीटरने कमी होते.

मडगार्डाची गोलाई मोजायची सोपी युक्ती सांगतो. मडगार्ड पोट वर करून जमिनीवर ठेवा, वळणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणा आणि तिची लांबी मोजा. मग सुतळीच्या मध्यापासून पत्र्यापर्यंतची सर्वांत जास्त खोली मोजा. लांबीचा वर्ग करा, त्याला खोलीच्या आठपटीने भागा आणि येईल त्यात निम्मी खोली मिळवा. ही झाली गोलाईची त्रिज्या. समजा सुतळी १२० सेंटीमीटर आणि खोली ३३. वर्ग १४,४००, त्याला २६४ ने भागल्यावर ५४.५, त्यात १६.५ मिळवले की ७१. आता १२.४-२८ ची त्रिज्या ६३, म्हणजे वर ८ सेंटीमीटर जागा, उत्तम. १३.६-२८ घातला तर साडेपाच, चालेल. १४.९-२८ घातला तर अडीच, आणि काळ्या रानात ते मडगार्ड टिकणार नाही. ही आकडेमोड मडगार्डाचं वळण एक्सलच्या मध्याभोवतीच आहे असं धरून केलेली आहे. जुन्या मडगार्डात पुढचं टोक किंचित जास्त उघडं असतं, म्हणून टोकांपाशी वेगळं मोजून घ्या. मोजताना कडेला वळवलेला काठ धरू नका, आतला पत्रा धरा.

रुंदीचं माप चाकाच्या गाळ्यावर अवलंबून असतं. जुन्या ट्रॅक्टरची मागची चाकं उलटसुलट लावून दोन चाकांतलं अंतर कमी-जास्त करता येतं. आंतरमशागतीसाठी कुणी चाकं आत घेतलेली असतात, कुणी नांगरणीसाठी बाहेर. तुमची चाकं आत्ता बाहेर असतील, तर त्या मापाने घेतलेलं मडगार्ड उद्या चाक आत घेतल्यावर घासेल. चाक सर्वांत आतल्या गाळ्यात आणून माप घ्या. कोकणात भाताच्या चिखलणीसाठी लोखंडी केज व्हील लावत असाल, तर तेही लावून बघा; त्याचं पातं मडगार्डाच्या खालच्या टोकाला लागतं आणि एका पावसाळ्यात ते टोक वाकवून टाकतं.

जुनं मडगार्ड भंगारात घालायची घाई नको

माझं स्पष्ट मत: जुन्या मडगार्डाचा वरचा फुगीर भाग शाबूत असेल तर बदलण्यापेक्षा दुरुस्त करणंच बरं. तेव्हाचा पत्रा जाड आहे, दाबकाम कारखान्यातलं आहे, आणि मुख्य म्हणजे त्याची भोकं तुमच्याच ट्रम्पेटला जुळलेली आहेत.

तपासायचं असं. आधी पोटाकडची माती खरवडून, धुऊन, वाळवून घ्या. मग बारीक हातोडीने टकटक करत फिरा. चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला बद्द वाजतो. शंकेच्या जागी स्क्रूड्रायव्हर टोचा. आत गेला तर तेवढा भाग कापावा लागणार. गंज सर्वांत आधी धरतो पुढच्या खालच्या टोकाला, जिथे ते पायदानाला मिळतं आणि चिखल ओला राहतो. दुसरी जागा म्हणजे आतल्या उभ्या पत्र्याचा आणि वरच्या वळलेल्या पत्र्याचा सांधा. तिसरी, बाहेरचा काठ. हा काठ नीट बघा: काही मडगार्डांत तो नुसता दुमडलेला असतो, काहींत आत लोखंडी तार घालून तिच्याभोवती पत्रा गुंडाळलेला असतो. तारेचा काठ हाताला गोल आणि भरीव लागतो. त्यात पाणी शिरलं की तार फुगते आणि काठ आतून फाटतो; वरून रंग छान दिसतो, बोटाने दाबलं की पापुद्रा निघतो. वर खताची पोती ठेवायची सवय असलेल्या घरात मडगार्डाचा माथाही गेलेला असतो. युरिया आणि ओलावा एकत्र आले की लोखंडाला सुटका नाही.

लोहचुंबक सोबत ठेवा. चुंबक चिकटत नसेल तिथे पत्रा नाही, लांबी (म्हणजे पुट्टी) भरलेली आहे. विकत घ्यायच्या जुन्या मडगार्डालाही हीच परीक्षा लावा. चकचकीत रंगाखाली अर्धा किलो लांबी मी पाहिली आहे.

चीर असेल तर चिरेच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे पळत नाही, आणि मग आतून पट्टी लावून सीओटू वेल्डिंग करून घ्या. मिस्त्रीला सांगा, सलग वेल्डिंग ओढू नको, लांब लांब टाके मार. सलग ओढलं की पत्रा तापून लाटा घेतो, आणि त्या लाटा बुजवायला पुन्हा लांबी.

नवं आणायचं तर कुठून

वाटा तीन. पहिली, दुसऱ्या बी-२७५ वरचं जुनं मडगार्ड. जुने ट्रॅक्टर तोडणाऱ्या भंगारवाल्यांकडे, पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी, आणि त्याहून जास्त गावोगावच्या ट्रॅक्टर मिस्त्रींकडे चौकशी करा. मिस्त्रीला तालुक्यातला प्रत्येक बंद पडलेला ट्रॅक्टर माहीत असतो. मिळेल तर जोडीने घ्या, ब्रॅकेट आणि बोल्टांसकट. डावं-उजवं एकमेकांच्या जागी चालत नाही, आणि एकटं मडगार्ड स्वस्त मिळालं तरी त्याचा जोडीदार शोधण्यात वर्ष जातं.

दुसरी वाट, बाजारातलं तयार. जुन्या ट्रॅक्टरांचे सुटे भाग बनवणारे लुधियानासारख्या ठिकाणी बरेच आहेत आणि तिथला माल आपल्याकडच्या दुकानांत येतो. स्वस्त पडतं, पण पत्रा पातळ असण्याची शक्यता जास्त आणि भोकं अंदाजपंचे. भोकं पाडलेलीच नाहीत असं मडगार्ड मिळालं तर ते उलट चांगलं. आपल्या मापाने पाडता येतात.

तिसरी वाट, बनवून घेणं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, किंवा चांगलं पत्रेकाम करणाऱ्या कुठल्याही बॉडी बिल्डरकडे हे काम होतं. रोलिंग मशीनवर गोलाई सहज येते. अवघड असतो तो दोन दिशांनी वळलेला भाग, जिथे माथा खांद्यावरून बाजूला उतरतो. तो हाताने ठोकून आणावा लागतो आणि ते करणारे हात आता कमी आहेत. म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी त्या कारागिराने केलेलं असं एखादं काम बघून या. नमुना म्हणून जुनं मडगार्ड कितीही सडकं असलं तरी त्याला द्या. तेच नसेल तर शेजारच्या गावातल्या ट्रॅक्टरवर पुठ्ठा धरून गोलाईचा आणि बाजूच्या पत्र्याचा साचा कापून आणा. पुठ्ठ्यावर एक्सलच्या मध्याची आणि भोकांच्या मध्याची खूण करायला विसरू नका, नाहीतर साचा असून नसल्यासारखा.

फायबरची मडगार्डं हलकी, न गंजणारी. रोजच्या कामाच्या ट्रॅक्टरला खुशाल लावा. जुना ट्रॅक्टर मूळ रूपात आणायचा असेल तर नको.

पत्रा किती जाड?

दुकानात 'हेवी आहे साहेब' एवढंच ऐकायला मिळतं. व्हर्निअर (जाडी मोजायची मोजपट्टी) सोबत न्या आणि एखाद्या भोकापाशी मोजा. काठ दुमडलेला असतो, तिथलं माप फसवं. १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर, १६ गेज १.६, १४ गेज २. बी-२७५ च्या मापाच्या मडगार्डाला मी १६ गेजच्या खाली जात नाही. १८ गेजचं मडगार्ड दिसतं छान, पण इंजिनाच्या थरथरीने वाजत राहतं. १४ गेज मजबूत, मात्र वजन वाढतं आणि ते सगळं ब्रॅकेटच्या बोल्टांवर येतं.

व्हर्निअर नसेल तर वजनकाटा चालतो. एक चौरस मीटर पत्रा १८ गेजमध्ये साडेनऊ किलोच्या आसपास, १६ गेजमध्ये पावणेतेरा किलोच्या आसपास. मडगार्डाचं क्षेत्रफळ ढोबळ काढा, वजन करा, थाप लगेच उघडी पडते.

बनवून घेताना सीआर, म्हणजे थंड लाटलेला पत्रा मागा. एचआर, म्हणजे गरम लाटलेला, ज्याला काळा पत्रा म्हणतात, त्यावर कारखान्यातली खपली असते. ती घासून काढली नाही तर रंग तिच्यासकट सुटतो. जीआय म्हणजे जस्त चढवलेला पत्रा गंजणार नाही म्हणून कुणी सुचवेल. त्याच्या वेल्डिंगचा धूर घातक असतो आणि साधा रंग त्यावर धरत नाही. नकोच.

मडगार्डावर माणूस बसवायचा म्हणून जाड पत्रा घ्यायचा विचार असेल, तर तो सोडा. टायरच्या फूटभर अंतरावर बसलेला माणूस एका हिसक्यात चाकाखाली जातो. ट्रॅक्टर एकट्या चालकासाठी आहे.

रंगाआधी एकदा चढवून बघा

नवं मडगार्ड प्रायमर मारायच्या आधी ट्रॅक्टरवर चढवाच. ट्रॅक्टर सपाट जागी, टायरमध्ये नेहमीची हवा. बोल्ट हाताने फिरतील इतकेच आवळा आणि मग सीटवर बसा. हायड्रॉलिकच्या दांड्या पूर्ण वर-खाली करून बघा, ब्रेकचे दोन्ही पाय दाबा, चढ-उतार करताना पाय कुठे अडकतो ते बघा. खाली उतरून चाक जॅकवर घ्या आणि हाताने पूर्ण फिरवा. एखाद्या जागी जवळ येत असेल तर आधी रिम वाकडी आहे का ते तपासा. पुष्कळदा दोष मडगार्डाचा नसतोच.

आता बोल्ट, जिथे सगळ्यात जास्त नासधूस होते. बी-२७५ आणि मॅसी ३५ च्या काळचे आटे इंची, यूएनसी (जाड आटे) किंवा यूएनएफ (बारीक आटे). अर्ध्या इंचाच्या बोल्टाचं डोकं पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिलिमीटर. १९ चा पाना त्यावर झकास बसतो. एम १२ च्या, म्हणजे १२ मिलिमीटरच्या मेट्रिक आट्यांच्या नेहमीच्या बोल्टालाही १९ चाच पाना. त्यामुळे पाना बसला म्हणून बोल्ट तोच, असं वाटून लोक ट्रम्पेटच्या अर्धा इंची भोकात एम १२ फिरवतात. बोल्ट १२ मिलिमीटर, भोक १२.७ चं, तो दोन-तीन आटे धरतो, ढिला बसतो आणि जोर लावला की बिडाच्या घरातले आटे सोलून काढतो. मडगार्ड दुसरं मिळेल, ट्रम्पेट बदलायला मागचं चाक आणि एक्सल खोलावा लागतो. म्हणून जुना बोल्ट खिशात घालून दुकानात जा आणि आटे आट्यांना लावून बघा. भोकातले आटे गंजले असतील तर त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हलक्या हाताने फिरवून साफ करा.

भोक थोडं जुळत नसेल तर पत्र्यातलं भोक दोन-तीन मिलिमीटर लांबट करायला हरकत नाही, वर जाड मोठा वॉशर घाला. त्याहून जास्त फरक असेल तर ते मडगार्ड परत करा. पहारीने ओढून बोल्ट घातला की पत्रा कायमचा ताणात राहतो, आणि चीर तिथूनच सुरू होते.

रंग आणि दिवे

मूळचा लाल शोधायचा असेल तर जुन्या ब्रॅकेटखाली किंवा बोल्टाच्या डोक्याखाली बघा. तिथे ऊन पोचलेलं नसतं. बाहेरचा रंग दाखवून शेड बनवून घेतला तर विटलेला लाल मिळतो. आरसी बुकात रंगाची नोंद असते, म्हणून वेगळाच रंग द्यायचा असेल तर आधी आरटीओत विचारा.

सांध्यांच्या आतून आणि पोटाच्या बाजूने प्रायमरचे दोन हात जास्त द्या; वरून कितीही चकाकी आणली तरी गंज खालूनच येतो. पुढच्या खालच्या टोकाला पाणी साचत असेल तर तिथे एक छोटं भोक ठेवा.

मागचा दिवा आणि नंबर प्लेट बहुधा मडगार्डावरच येते. दिव्याची वायर उघड्या पत्र्याच्या भोकातून नेऊ नका, रबरी ग्रोमेट घाला. थरथर कमी करायला ब्रॅकेट आणि पत्र्यामध्ये जुन्या बेल्टची पट्टी घालणारे बरेच जण आहेत. चांगली युक्ती आहे, फक्त रबर आणि ताजा रंग यांमुळे दिव्याचं अर्थिंग तुटतं आणि दिवा मिणमिणतो. दिव्यापासून चेसिसपर्यंत वेगळी अर्थिंगची वायर ओढा.

स्प्रिंग वॉशर घालून बोल्ट पक्के आवळा. पहिल्या दहा-बारा तासांच्या कामानंतर पुन्हा एकदा पाना फिरवा, कारण रंगाचा थर दबला की बोल्ट हमखास सैल होतात. पहिल्या ओल्या नांगरणीनंतर मडगार्डाच्या पोटात हात घालून किती चिखल अडकला ते बघा. जास्त अडकत असेल आणि ब्रॅकेटच्या जाडीला वाव असेल, तर ट्रम्पेट आणि ब्रॅकेटमध्ये पॅकिंग प्लेट घालून मडगार्ड अर्धा इंच वर घेता येतं. तेवढ्याच लांबीने मोठे बोल्ट मात्र घ्यावे लागतील.